दहा अवतार आणि एक लाकडी आंबा

वेंगुर्ल्यात गुपितं दोनच प्रकारची असतात, जमिनीची आणि लग्नाची. सातबारावर कोणाचं नाव परस्पर चढलं, कोणाची सोयरीक सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी का फिसकटली, कोण कोणाला न सांगता गोव्याच्या डॉक्टरांना दाखवून आला. ही गुपितं कोणी हौसेने ठेवत नाही. पोटात दुखेपर्यंत सांभाळायची आणि तरी आठवडा बाजारापर्यंत ती तिठ्यावर पोचलेली असायची. आम्हाला एक असं गुपित हवं होतं की ज्यात कोणाचा गुंठाभरही अडकलेला नाही, कोणाची अब्रू नाही, पैसा तर नाहीच. निव्वळ गंमत म्हणून लपवायचं आणि लपवण्यात मजा आली की झालं.

हे सुचलं जत्रेत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेत रात्रभर दशावतार. मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेषातला संकासूर येऊन मालवणीतून सगळ्यांची टर उडवतो. याने ब्रह्मदेवाचे वेद पळवलेले असतात आणि विष्णू ते सोडवून आणतो. हे आम्ही लहानपणापासून बघतोय. त्या रात्री खाज्याचा पुडा मध्ये ठेवून बसलो होतो, तर एकाने मध्येच विचारलं, "वेद चोरल्यान ता ठीक, पण लपवल्यान खय?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. समुद्रात, असं एकजण म्हणाला. समुद्रात कुठे, वेंगुर्ल्याच्या की मालवणच्या, यावर वाद झाला. वाद संपेपर्यंत आख्यान अर्धं झालं होतं, आणि उजाडताना परत येताना पुढच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "आपणय काय तरी लपवया." त्या क्षणी मंडळ स्थापन झालं असं धरायला हरकत नाही. मंडळाचं नाव मात्र सांगणार नाही, तशी शपथ आहे.

आम्ही दहाजण. बहुतेक शाळेपासूनचे, दोघं-तिघं नंतर येऊन मिळालेले. वय असं की गुडघे कुरकुरायला लागलेत, पण ते कबूल करायची तयारी नाही. पहिली सूचना आली ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायची. मी ती तिथल्या तिथे हाणून पाडली. ग्रुप काढला की तीन दिवसांत त्यावर गुड मॉर्निंगची फुलं येतात, मग कोणाच्या तरी मेव्हण्याच्या प्लॉटची जाहिरात येते, आणि दहाव्या दिवशी कोणाच्या तरी मुलाने वडिलांचा फोन गेम खेळायला घेतलेला असतो. ज्या गोष्टीचा स्क्रीनशॉट निघतो ती गुप्त नव्हे. त्यामुळे आमचा पहिला नियम, मंडळाचं काहीही फोनवर नाही. आता मागे वळून बघते तर सगळी मजा या एका नियमातून निघाली. फोन नाही म्हटल्यावर चिठ्ठी आली, खूण आली, ठरल्या जागी जाऊन बघणं आलं.

आमच्यातले इतिहासाचे मास्तर लगेच गंभीर झाले. गुप्त संघटना म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. नाशिकच्या मित्रमेळ्यातून 1904 मध्ये अभिनव भारत उभी राहिली, तिथे शपथ म्हणजे प्राणाशी गाठ होती. फ्रीमेसन लोकांचं ग्रँड लॉज 1717 मध्ये लंडनला स्थापन झालं असं मानतात, त्यांच्या खुणा, त्यांच्या पायऱ्या, त्यांचे एप्रन. मास्तर पुढे बोलणार होते, पण तोवर चहा आला. "मास्तर, आपला उद्दिष्ट काय?" असं एकीने विचारलं. मास्तरांनी समाजसेवेचा विषय काढला. वाचनालय, वृक्षारोपण, किनारा सफाई. सगळं चांगलंच आहे आणि त्यातलं बरंचसं आम्ही एरवी करतोही, फोटोसकट करतो. पण म्हणूनच ते इथे नको, असं ठरलं. ज्याचा अहवाल लिहिता येईल असं काहीही मंडळाने करायचं नाही.

नावं ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. दहाजण आहोत म्हटल्यावर दशावतार आलाच. चिठ्ठ्या टाकायच्या की आवडीप्रमाणे घ्यायचे, यावर भांडण. परशुराम व्हायला पाचजण तयार, कारण समुद्र मागे हटवून कोकणची जमीन त्याने मिळवली अशी आपल्याकडची कथा. शेवटी ज्याच्याकडे खरोखर जमीन आहे, म्हणजे आंब्या-काजूची बाग आणि बागेत मांगर, म्हणजे राखणीचं खोपट आहे, त्याला परशुराम केलं. बैठकीला जागा हवी होती, दुसरं काही कारण नाही. बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा मत्स्य झाला. औषधाच्या दुकानातली मैत्रीण कुठेही वेळेवर पोचत नाही, ती कूर्म. शिवणकाम करणारी, जिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही, तिने हट्टाने नरसिंह मागून घेतला. सहा फुटी वायरमन वामन. दशावतारात मृदंग वाजवणारा बुद्ध, कारण तो मुळात बोलतच नाही. चित्रकलेचे सर राम. माझ्याकडे कृष्ण आला.

वराह कोणालाच नको होता. इथे भातशेतीत रात्री रानडुकरं घुसली की सकाळी बांधावर उभं राहून माणूस काय काय बोलतो ते ज्याने ऐकलंय, तो हे नाव घ्यायला धजणार नाही. अखेर मास्तरांनी ते घेतलं. वराहाने पृथ्वी वर उचलली होती, हे त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा सांगितलं.

कल्की ठरवायला मात्र एक मिनिट लागलं नाही. आमचा एक मित्र डोंबिवलीला असतो. गणपतीला येतो म्हणतो, येत नाही. शिमग्याला येतो म्हणतो, तिकीट मिळत नाही. मे महिन्यात नक्की म्हणतो. ज्याचं येणं कायम बाकी आहे असा अवतार एकच. त्याला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "तू कल्की व्हशीत काय?" तो म्हणाला, "चलात. काय करूचा लागता?" "काय नाय. येवचा लागता." "येतंय रे, पुढच्या महिन्यात नक्की." ठराव मंजूर.

सदस्यत्वाची पत्रं हवी होती. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून गंजिफा रंगवल्या जातात. गोल पत्ते, दशावतारी गंजिफाच्या एका संचात 120, प्रत्येक अवताराचे 12. राजा, प्रधान आणि एक ते दहा. तो संच विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, आणि मंडळाला वर्गणी नाही हा दुसरा नियम. म्हणून राम-सरांनी घरीच उद्योग मांडला. जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, जाड कागदाच्या, सोनेरी कडेच्या. त्यांच्यावर आमटीची वाटी उपडी ठेवून पेन्सिलीने गोल आखले आणि कापले. तीन-तीन गोल एकमेकांना चिकटवायला चिंचोक्याची खळ केली, कारण जुने कारागीर तीच वापरत. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून, वाटून शिजवायचे. सरांच्या घरात दोन दिवस कसला तरी आंबूस वास होता. पत्ते फळीखाली दाबून ठेवले, वर दोन चिरे. वाळल्यावर रंग, आणि त्यावर लाकडी खेळण्यांना देतात तसा पॉलिशचा हात. माझ्या कृष्णाच्या पत्त्यामागे नीट बघितलं तर अजूनही 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' एवढं पुसट दिसतं. ते सरांना दुरुस्त करायचं होतं, मी करू दिलं नाही.

गंजिफाचा एक नियम आम्ही तसाच उचलला. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करतो, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. म्हणून सूर्यास्ताआधी बैठक सुरू झाली तर अध्यक्ष राम, नंतर झाली तर अध्यक्ष कृष्ण. नियम ऐकायला फार गोड. प्रत्यक्षात कूर्म येईपर्यंत दर वेळी अंधार पडतो, त्यामुळे राम-सर अजून एकदाही अध्यक्ष झालेले नाहीत. याबद्दल त्यांची लेखी तक्रार मंडळाच्या दप्तरी आहे. एकदा ते सूर्य बुडायच्या आधी मांगरात एकटेच येऊन बसले आणि बैठक सुरू झाल्याचं त्यांनी स्वतःशीच जाहीर केलं. गणपूर्तीअभावी ती रद्द धरण्यात आली. अध्यक्ष मी होते.

आता खुणेची भाषा. च लावून बोलायची भाषा शाळेतल्या पोरांना आमच्यापेक्षा चांगली येते, ती बाद. मास्तरांनी करपल्लवी काढली. 'अहिफण, कमल, चक्र, टंकार, तरु, पल्लव, यौवन, शृंगार', हे आठ शब्द पाठ करायचे. नागाच्या फणीसारखा हात केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार ट-वर्ग, झाड त-वर्ग, पालवी प-वर्ग, आणि उरलेली य, र, ल, व आणि श, ष, स, ह साठी. वर्ग दाखवून झाला की बोटं दाखवायची, म्हणजे त्या वर्गातलं कितवं अक्षर ते कळतं. मग मात्रेसाठी चुटक्या. म्हणजे 'मासा' म्हणायचं तर पालवी, पाच बोटं, दोन चुटक्या. मग शृंगार, तीन बोटं, पुन्हा दोन चुटक्या.

कागदावर हे सुंदर दिसतं. मासळी बाजारात मी या टोकाला, नरसिंह त्या टोकाला, आणि मला तिला 'मांगर' एवढं एकच कळवायचं होतं. पालवी केली, पाच बोटं उंचावली. समोरची कोळीण पाटीवरचा बर्फ सारखा करत होती, ती थांबली. "गो बाय, पाच बोटां कित्या दाखवतंस? पाचशेक सरंगो खय गावता?" मी मान हलवून चुटक्या वाजवल्या. अनुस्वाराची खूण आम्ही ठरवलीच नव्हती, म्हणून नाकाला बोट लावलं. "वास येता?" ती उभीच राहिली. "सकाळी बंदरार उतरलेलो म्हावरो आसा! कल्लो उघडून बघ!" तिने सरंग्याचा कल्ला बोटाने वर करून माझ्या डोळ्यांसमोर धरला, लालभडक. त्या टोकाला नरसिंह भिंतीला टेकून हसत होती, तेही आवाज न करता. सरंगा घ्यावाच लागला. करपल्लवी त्या दिवसापासून फक्त मांगरात, सरावापुरती.

मग मोडी आली. मोडीत मराठीचा कारभार शतकानुशतकं चालला, पण आमच्या पिढीला ती वाचता येत नाही. प्रत्येक घरात आजोबांच्या पेटीत मोडीतलं एखादं खरेदीखत असतं आणि ते आपल्या बाजूचं आहे की विरुद्ध, हे घरात कोणालाच माहीत नसतं. गुप्त लिपी म्हणून याहून चांगली कुठे मिळणार? मास्तरांनी वर्ग घेतले. आधी आडवी रेघ पूर्ण मारायची आणि मग तिला अक्षरं लोंबवत जायचं, शक्य तोवर हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा नाही, यावर वामन इतका खूश झाला की त्याने तिथल्या तिथे मोडी परत आणायची मागणी केली. चिठ्ठी ठेवायची जागा ठरली, परशुरामाच्या बागेकडे जाणाऱ्या पाणंदीतला गडगा, म्हणजे दगडी कुंपण. त्यात एक चिरा सैल आहे. तो ओढायचा, मागे चिठ्ठी.

एका सकाळी चिरा ओढला तर आमची चिठ्ठी होती, पण तिच्यावर लाल शाईच्या खुणा होत्या. दोन ठिकाणी अक्षराला गोल केलेला आणि बाजूला तेच अक्षर कसं काढायला हवं ते. आम्ही लिहिलं होतं, 'अवसेस मांगरात जमणे. खाजे आणणे.' त्याखाली, मोत्यासारख्या मोडीत, एका दमात लिहिलेली ओळ. आम्हा कोणालाच ती धड वाचता येईना. मास्तरांनी चष्मा पुसून वाचली. 'हात उचलू नये. अक्षर सुधारावे. खाजे कोणाकडील, कळवावे.'

पंचक्रोशीत असं मोडी लिहिणारा माणूस एकच. जमिनीच्या दप्तरात उभी हयात काढलेले, आता निवृत्त, आणि कोर्टात दावा असलेला प्रत्येकजण आपली जुनी कागदपत्रं ज्यांच्याकडे वाचायला नेतो ते काका. रोज पहाटे त्याच पाणंदीने फिरायला जातात. चिरा किंचित बाहेर आलेला त्यांना दिसला. आयुष्यभर हद्दीचे दगड बघितलेल्या माणसाला दिसणारच. त्यांना मंडळात घेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अवतार तर दहाच. मग त्यांना संकासूर केलं, म्हणजे मंडळाचे कारकून, पहारेकरी आणि अधिकृत टवाळखोर. ते वेळेच्या अर्धा तास आधी येतात आणि वहीत प्रत्येकाची येण्याची वेळ लिहून ठेवतात.

शपथ त्यांनीच लिहिली. देवाला यात आणायचं नाही यावर कूर्म ठाम होती आणि तिचं बरोबर होतं. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, ही इथे थट्टेची गोष्ट नाही, देवळात ज्याच्यासाठी घातलं जातं त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. म्हणून आमचं गाऱ्हाणं समुद्राला. काकांनी मांगराच्या दारात उभं राहून बंदराच्या दिशेला तोंड केलं आणि असा काही सूर लावला की आम्ही दचकलोच.

"बा दर्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी ही चार टाळकी हय जमली आसत, तेंच्या पोटात ह्या गुपित ऱ्हवांदे, तोंडाक येवांदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण फुटात, तेची सोलकढी फुटांदे, तेच्या घावण्याक जाळी पडांदे नको, तेच्या फणसात गऱ्यापेक्षा आठळी मोठी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो गप ऱ्हवात, तेका जत्रेत पुढची जागा गावांदे रे म्हाराजा!"

बुद्धाचा आवाज आम्ही त्या रात्री पहिल्यांदा इतका मोठा ऐकला.

राहता राहिलं, लपवायचं काय. सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी फळं मिळतात, ती आणलेल्या टोपलीतला एक आंबा मंडळाचा ठेवा म्हणून नेमला. हापूसच्या रंगाचा, देठाशी थोडी लाली. नियम असे. ठेवा एका अवताराकडे पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्याकडे तो त्याच्या नकळत पोचवायचा, पण जाऊन, हातानेच. कुरिअर, एसटीचं पार्सल, शेजाऱ्याचा मुलगा चालणार नाही. घरच्यांना कळलं तर एक खाज्याचा पुडा दंड. बस्स, एवढंच. यापलीकडे मंडळ काही म्हणजे काहीही करत नाही.

एवढ्यावर किती खेळता येतं याची आम्हाला कल्पना नव्हती. मला तो शिवायला टाकलेल्या ब्लाउजच्या पिशवीत सापडला. वामनाने तो विजेच्या खांबावरून उतरताना खिशातून काढून कूर्मच्या दुकानाच्या गल्ल्यावर ठेवला आणि ती सुटे मोजत राहिली. राम-सरांना वर्गात फळांचं चित्र शिकवताना टोपलीत एक आंबा जास्त दिसला, मुलांनी तोही काढला. कोणाच्या घरी गेलं की आपण हल्ली आधी फळांच्या टोपलीकडे बघतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पण हे सगळं चालू असताना गाव गप्प बसणार होतं थोडंच? अवसेच्या रात्री मांगरात कंदील, दहा-अकरा माणसं, त्यात बायका, आणि जमिनीच्या दप्तरातला निवृत्त माणूस. तिठ्यावर पहिला अंदाज गुप्तधनाचा झाला. दुसरा, परशुरामाने बाग विकायला काढली आणि आम्ही सगळे मध्यस्थ. हा अंदाज इतका पिकला की एके दिवशी गोव्याच्या नंबरची गाडी बागेच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी थांबली आणि एका एजंटाने उतरून थेट विचारलं, "भाऊ, गुंठ्याक काय ठरला?" परशुराम म्हणाला, काही नाही. एजंट डोळा मारून म्हणाला, तसं सगळेच म्हणतात. पुढच्या आठवड्यात तो आकडा वाढवून परत आला. परशुरामाचे मुंबईचे दोन चुलतभाऊ, ज्यांनी वर्षानुवर्षं फोन केला नव्हता, त्यांनी खुशाली विचारली. आमच्या मंडळाने गावात काही उलथापालथ केली असेल तर ती ही.

माझ्या सासूबाईंनी मात्र एकदाच विचारलं. "गो, अवसेक रात्री खय जातंस?"

"बैठक आसा."

"कसली?"

"ता सांगूचा नाय, शपथ आसा."

त्या थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. "जमनीचा काय नाय मा?"

"नाय."

"पैशाचा?"

"नाय."

"बरा. मगे येताना परशुरामाकडसून दोन नारळ घेवन ये." सांकेतिक नाव त्यांना कुठून कळलं हे मी विचारलं नाही. खाज्याचा पुडा मी भरला.

मधल्या काळात एक सूचना अशी आली की रात्री माडांच्या बागेतून बत्ती घेऊन फिरू, लोकांना देवचार वाटेल. तरुणपणी ही केली असती. आता आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आणि ज्यांना देवचार खरा वाटतो त्यांच्यासाठी ती रात्र विनोदी नसते. ज्या गमतीत हसणारे फक्त आपण असतो ती नको, असं बुद्ध म्हणाला. वर्षातलं त्याचं दुसरं वाक्य.

आणि मग मे महिना आला. ठेवा मास्तरांकडे होता आणि पंधरवडा संपत आलेला. परशुरामाच्या मांगरात आढी घातलेली, गवतात आंबेच आंबे. मास्तर आंबे न्यायला म्हणून गेले आणि येताना लाकडी आंबा गवतात सरकवून आले. याहून चांगली जागा नव्हती, हे मान्य. परशुरामाला तो सापडायच्या आत कामाला लावलेल्या पोरांनी पेट्या भरल्या. संध्याकाळी टेम्पो गेला. मास्तरांनी रात्री सूचक हसत परशुरामाला विचारलं, "आढीत काय वेगळा गावला?" आणि दोघांचेही चेहरे उतरले. पेट्या कुठे कुठे गेल्या होत्या? पुणे, वाशी, ठाणे. त्या रात्री आम्ही ठेवा गेला असंच धरलं. संकासूर काकांनी वहीत 'ठेवा गहाळ, चौकशी चालू' अशी नोंद केली.

बऱ्याच दिवसांनी डोंबिवलीहून परशुरामाला फोन आला. कल्कीची आई. दर वर्षी त्यांच्याकडे एक पेटी जाते. "अरे, आंबे बरे होते हां. पण एक काय केल्या पिकणा नाय." त्यांनी तो आधी गवतात ठेवला, मग वर्तमानपत्रात गुंडाळला, मग तांदळाच्या डब्यात. बाकीचे संपले, रस झाला, साटं घालून झाली, आणि हा दगड तो दगडच. वासही नाही. शेवटी कवळा तर कवळा, लोणचं घालू म्हणून त्यांनी विळीवर धरला. "विळयेची धार गेली रे!"

परशुराम फोनवर इतका वेळ काही बोलला नाही की त्यांना वाटलं लाइन तुटली. मग त्याने मुलाला फोन द्यायला सांगितला.

ठेवा कल्कीकडे पोचला होता. म्हणजे पंधरा दिवस आधीच उलटून गेलेले, कुरिअर चालणार नाही, दुसऱ्याच्या हाती देणं चालणार नाही. नियम त्याला वाचून दाखवण्यात आले. तो म्हणाला, सुट्टी नाही. त्याला सांगितलं, गाऱ्हाण्यात तुझंही नाव आहे, सोलकढी फुटेल. कशाने ते माहीत नाही, पण पुढच्याच शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने तो सावंतवाडीला उतरला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला आंबा, आंब्यावर विळीचा खोल घाव. घाव बुजवायचा की नाही यावर मतदान झालं. तसाच ठेवायचा ठरलं.

रात्री मांगरात सगळे. शिरवाळे, नारळाचा रस, सुकवून ठेवलेल्या ओल्या काजूंची उसळ. पूर्ण दहा अवतार एका छताखाली, हे प्रथमच. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा संकासूर काकांनी वही मिटली आणि घसा खाकरला.

"अध्यक्ष म्हाराज, एक हरकत आसा."

"बोला."

"कल्की इलो. कल्की इल्यार कलियुग संपता. शास्त्रात आसा. म्हणजे ह्या मंडळ आता बरखास्त."

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मास्तरांनी पोथ्यांचे आधार काढले, वामनाने तांत्रिक मुद्दा मांडला की तो सुट्टीवर आलाय, अवतार म्हणून नव्हे. परशुरामाने आवाज चढवला. बरीच रात्र यात गेली. तोडगा नरसिंहाने काढला, इतक्या हळू आवाजात की तिला तीनदा सांगावं लागलं. कलियुगानंतर सत्ययुग येतं आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे बरखास्ती नाही, नव्याने चिठ्ठ्या टाकायच्या.

अकरा चिठ्ठ्या टाकल्या, दहा अवतार आणि संकासूर. सगळ्यांचा डोळा एकाच चिठ्ठीवर, कारण कल्कीला बैठकीला यावं लागत नाही. ती काकांच्या हाती लागली.

ते मांगरापासून हाकेच्या अंतरावर राहतात. तेव्हापासून एकाही बैठकीला आलेले नाहीत. दर वेळी गडग्यात सुबक मोडीत एका ओळीची चिठ्ठी असते, 'येतलंय. पुढच्या महिन्यात नक्की,' आणि खाली लाल शाईत, आमच्या मागच्या चिठ्ठीतल्या चुका.